रुळाखालून पाण्याची पाईपलाईन न्यायची आहे? नकाशा नंतर, आधी जागा

"रात्री जेसीबी लावा, सकाळी कोण विचारतंय?" सोलापूर जिल्ह्यात पाईपलाईन टाकणाऱ्याला हा सल्ला एकदा तरी मिळतोच. रेल्वेच्या हद्दीत नुसतं विनापरवाना शिरलं, तरी रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "रुळाखालच्या मोरीतून पाईप ओढा" हाही तसलाच शहाणपणा. मोरी पावसाचं पाणी जायला असते, ती अडली की भराव खचतो.

परवानगीला 'वे-लीव्ह' म्हणतात. अर्ज विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या कार्यालयात द्यायचा. फक्त लाईन कोणाची ते बघा: मोहोळ, पाकणीकडची मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाची, पण होटगीहून विजयपूरकडे जाणारी दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाची. फीची धास्ती नको. २०२२ च्या धोरणात लहान व्यासाच्या भूमिगत वाहिन्यांना रूळ ओलांडायला एकदाच १,००० रुपये ठेवलेत.

खरी गोम जागा ठरवण्यात आहे. माझी पहिली फाईल पाच महिने फिरून परत आली. मी घरी बसून देखणा नकाशा काढला होता, आणि ओलांडायची जागा निघाली स्टेशनच्या पॉईंटजवळ, जिथं गाडी रूळ बदलते. तिथं खालून पाईप कोण जाऊ देईल? म्हणून नकाशा काढण्याआधी इंजिनीअरिंग, सिग्नल आणि विद्युत, तिन्ही शाखांची माणसं जागेवर एकत्र आणा. एकेकट्याला भेटून उपयोग नाही. एकाने दाखवलेली जागा दुसऱ्याच्या केबलवर येते. जागा लिहिताना विजेच्या खांबावरचा नंबर लिहा, "लिंबाच्या झाडाजवळ" नको. ओलांडणी शक्यतो काटकोनात, पूल आणि पॉईंटपासून लांब.

दुसरी चूकही माझीच. मी भरावाच्या पायथ्यापर्यंतच माप धरलं, हद्दीचा दगड बराच पुढं होता. नकाशात दगडापासून दगडापर्यंतची सगळी रुंदी दाखवा.

केसिंग, म्हणजे ज्याच्या आतून पाण्याचा पाईप जातो तो बाहेरचा मोठा पाईप, वाचवायच्या फंदात पडू नका. आतला पाईप फुटला तर पाणी भरावात न मुरता केसिंगच्या तोंडातून बाहेर येतं, आणि रूळ न उकरता पाईप बदलता येतो. आपल्याकडं वर काळी, खाली मुरूम, मग कातळ. रूळ न उकरता खालून पाईप ढकलणाऱ्या ठेकेदाराशी दर ठरवण्याआधी हद्दीबाहेर, आपल्या बाजूला चाचणीखड्डा घ्या. कातळ लागला की तो दर दुप्पट सांगतो.

रेल्वेशी होणाऱ्या करारात जमीन रेल्वेचीच राहते. उद्या जादा रूळमार्ग आला तर पाईप आपल्या खर्चानं हलवावा लागेल, हे ग्रामपंचायतीला आधीच सांगा.

काम रेल्वेच्या देखरेखीतच करा. दोन्ही बाजूंना हद्दीबाहेर व्हॉल्व्ह बसवा आणि खुणेचे फलक लावा, नाहीतर पुढच्या केबलवाल्याचा जेसीबी तुमच्याच पाईपवर चालेल.