पिल्लू घरी आणायच्या आधीची यादी, कुलरपासून सुरू

भाचीनं बेसा रोडकडे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला अन् पुढच्या आठवड्यात मांजरीचं पिल्लू आणून राहिली. मावशी, काय काय घेऊन ठेवू, यादी पाठव म्हणते. तिला वाटलं असेल मी बाऊल, लिटर म्हणजे शी-शूच्या ट्रेमधली माती, खेळणी असं चार ओळीत लिहून पाठवीन. ते पण लिहिते, पण खाली कुठंतरी, कारण आपल्या नागपुरात मांजराची यादी कुलरपासून सुरू होते, माझी तरी होते. बाकीच्यांनाही कामी येईल म्हणून इथंच लिहून टाकते.

तर आधी कुलर. खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला आहे नं तुझ्याकडे, मग कुलर अन् खिडकीच्या मधल्या फटीत काय कोंबलं आहे ते आज हात लावून बघ. सगळ्यांच्याच घरी तिथं पुठ्ठा नाहीतर थर्माकोल नाहीतर जुनी चादर असते, होळीनंतर कोंबलेली, अन् मग उन्हाळाभर तिकडे कोणी बघत नाही. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून अख्खं पिल्लू जातं हे लक्षात ठेव. तिथं प्लायवूड कापून स्क्रूनं बसव, टेप लावू नको, कुलरच्या ओलाव्यानं टेप चार दिवसात सुटते. कुलरच्या पत्र्याला करंट येतो का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घे, अर्थिंग नीट करून घे, कारण मांजर कुलरच्या मागच्या ओल्या ताट्यांना चिकटूनच बसते, उन्हाळ्यात तिची आवडती जागा ती. टाकीचं झाकण पण लाव, लहान पिल्लाला तेवढं पाणी पुरेसं आहे बुडायला.

आता कुलर एवढं काऊन ते सांगते. आमची पाटोडी तुला आठवते नं, पिवळी, झोपली की बेसनाच्या पाटोडीच्या वडीसारखी चौकोनी दिसायची म्हणून नाव पाटोडी. जुलैचा पहिला रविवार होता, पाऊस लागला होता, दोन पोरं आली कुलर काढायला, काका टाकीतलं पाणी काढून राहिले होते, मी चहा ठेवला, अन् खिडकी अर्धा तास सताड उघडी. पोरांना चहा दिला, त्यांचे पैसे दिले, फरशी पुसली, संध्याकाळी पाचला तिच्या जेवणाची वाटी वाजवली तेव्हा समजलं की दुपारपासून ती कोणालाच दिसली नाही.

म्हणून यादीतलं दुसरं, कुलर लावायचा अन् काढायचा दिवस, पेंटर येतो तो दिवस, गॅस सिलिंडर येतं तो दिवस, घरी लग्नाचं काही असेल तो दिवस, ह्या सगळ्या दिवशी मांजर बाथरूममध्ये, आत पाणी, लिटरचा ट्रे, चादर, अन् दाराला बाहेरून कागद चिकटवायचा की उघडू नका. चौथ्या मजल्यावर आहेस तर बाल्कनीचं काम पिल्लू यायच्या आधीच कर. मच्छरची जाळी ती नखानं फाडते, कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी काही मांजरी दातानं कुरतडतात, लोखंडाची बारीक जाळी लावून घे, खर्च एकदाच आहे. मांजर कितीही उंचावरून पडली तरी पायावर उतरते, तिला काही होत नाही, हे कोणी सांगितलं तर ऐकून घे अन् जाळी लावून घे. जबडा तुटतो, छातीला मार लागतो, मरतात पण.

डॉक्टर पिल्लाच्या आधी शोधायचा. घराजवळचा एक, अन् दुसरा लक्षात ठेवायचा म्हणजे सेमिनरी हिल्सवरचं व्हेटर्नरी कॉलेज. जवळच्या डॉक्टरला आधीच विचारून ठेव की रात्री फोन उचलता का, अन् नसाल तर कोणाकडे पाठवता. लस आठ आठवड्यांच्या आसपास सुरू होते, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनंतर. घरातच तर राहते मग लस कशाला हा प्रश्न काका पण विचारायचे. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू आपल्या चपलेवरून घरात येतो अन् एखाद्या घरात वर्षभर टिकून राहतो, म्हणून ज्या घरात आधीचं पिल्लू त्यानं गेलं असेल तिथं लगेच दुसरं आणू नये, फरशी ब्लीचनं धुवून काढावी लागते, फिनाईलनं तो जात नाही. अन् फिनाईलचं निघालंच आहे तर ते तुझ्या घरातून बंदच कर, फरशीवरचं पायाला लागतं, ती पाय चाटते, पोटात जातं, मांजराचं लिव्हर ते झेपवू शकत नाही.

औषधांचा डबा वर ठेव. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळी पण नाही, एक गोळी जीव घेऊ शकते. ताप आला म्हणून माणसाची गोळी कुटून दुधातून देणारे लोक मी पाह्यले आहेत, प्रेमानंच देतात, तेच तर वाईट आहे. कुत्र्यांच्या गोचिडांचं औषध मानेवर टाकायचं येतं, त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असलं तर मांजराला झटके येतात, मला एका दुकानात सगळ्यांना चालते हो ताई म्हणून तेच देऊन राहिला होता, डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं तरी. डांबर गोळ्या, उंदराचं औषध, कुंडीतली लिली, हे घरात नकोच. लिलीचे फुलंच काय, परागकण अंगाला लागून चाटले तरी किडनी जाते. कांदा-लसूण नाही म्हणजे आपल्या हातच्या रश्श्यातला चिकनचा तुकडा पण नाही, कितीही म्याव केलं तरी. उकडलेलं चिकन, बिना मिठाचं. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, पातळ संडास लागते. अन् कुत्र्याचं फूड तिला देऊ नको, मांजराला टॉरीन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते त्यात पुरेसं नसतं, कमी पडलं की डोळे अन् हृदय जातात. एवढं खाण्याचं, बाकी डॉक्टर सांगेल.

ट्रे घे, लिटर घे, नखं घासायला पोत्याचा खांब घे, झालं.

पिंजरा म्हणजे कॅरिअर मात्र पिल्लाच्या आधी घरी आला पाहिजे, अन् कपाटावर नाही, खाली, दार उघडं, आत चादर टाकून, म्हणजे ती त्यात आपणहून झोपेल. नाहीतर दर वेळी डॉक्टरकडे जाताना घरात कुस्ती. ठेचाला, म्हणजे आमच्या आताच्या बोक्याला, एका रात्री अकराला न्यायची पाळी आली. सारखा ट्रेमध्ये जाऊन बसे, एक थेंब, दोन थेंब, ओरडे, मागे चाटे, मला वाटलं संडास आखडली. बरं झालं फोन केला. लघवी अडकली होती, बोक्यांमध्ये होतं हे, त्यांची नळी बारीक असते, दिवसभर थांबलो असतो तर किडनीच गेली असती. डॉक्टरांनी नळी घालून मोकळं केलं. कॅरिअर खाली होता म्हणून दोन मिनिटात ॲक्टिव्हावर. बोका घेशील तर ही गोष्ट फ्रिजवर लिहून लाव. अन् एका लिफाफ्यात पैसे वेगळे ठेव, रात्री एटीएम शोधत फिरायचं नाही. पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदी, त्यात विचार करायचं काही नाही, नाहीतर मादी रात्रभर रडते अन् बोका तर दार उघडं दिसलं की गेलाच.

उन्हाळ्याचं तू नागपूरचीच आहेस, तुला काय सांगू, पण नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, लाईट गेली की माणूस ओला टॉवेल घेऊन बसतो, मांजर बोलत नाही. पाण्याची भांडी तीन-चार जागी, मातीची पसरट, कुलरपासून दूर पण एक. तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखी धापा टाकायला लागली तर ते साधं नाही, साध्या पाण्यानं ओली कर, बर्फ नाही, पंख्यासमोर धर अन् निघ. संक्रांतीच्या पंधरा दिवस आधीपासून महिनाभर बाल्कनी अन् गच्ची रोज बघायची, मांजा उचलायचा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे पण ओ काट ओरडणाऱ्या पोट्ट्यांना ते कोण सांगणार. मांजराला दोरा दिसला की ती गिळते, जिभेला काटे असतात, थुंकता येत नाही तिला. तोंडातून किंवा मागून दोरा लटकताना दिसला तर ओढायचा नाही, आतडं कापलं जातं, तसाच डॉक्टरकडे. दिवाळीत अन् डीजेच्या रात्री आतली खोली, खिडक्या बंद.

आता हरवल्यावरचं. ही तयारी पण ती हरवायच्या आधी करायची असते.

तिचे फोटो काढ, लाडाचे नाही, ओळखीचे. डावी बाजू, उजवी बाजू, तोंड समोरून, शेपटी, पोटावरचा डाग. माझ्याकडे पाटोडीचे चारशे फोटो होते अन् सगळ्यात ती गोळा होऊन झोपलेली, त्या फोटोवरून कोणीच मांजर ओळखू शकत नव्हतं. मायक्रोचिप बसव, पंधरा आकडी नंबर असतो, पण ते जीपीएस नाही, कुठं आहे ते दिसत नाही, कोणी डॉक्टरकडे नेऊन स्कॅन केलं तरच उपयोग. म्हणून गळ्यात ओढ बसली की आपोआप सुटणारा पट्टा, त्यावर फोन नंबर.

हरवली की आधी घर. दिवाण उघड, वॉशिंग मशीनच्या मागे, फ्रिजच्या मागे, कपाटाच्या वर. मग आपलीच बिल्डिंग, जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, गाड्यांच्या बॉनेटमध्ये, टाकीखाली, गच्चीवर, कुलूप लागलेल्या फ्लॅटच्या बाल्कनीत. घरात वाढलेली मांजर बाहेर पडली की पळत नाही, जवळच दबकून बसते, अन् मालकानं हाक मारली तरी आवाज देत नाही, भीतीनं. आम्हाला हे माहीतच नव्हतं. आम्ही काय केलं, दिवसा शोधलं, पाच-सहा जण मिळून नावानं ओरडत, अन् लांब, पार रिंग रोडपर्यंत. कागद लावले ते पावसात विरघळले, प्लास्टिकमध्ये घालायचं सुचलं नाही. शोधायचं रात्री बारानंतर, एकट्यानं, टॉर्च डोळ्यांच्या उंचीला धरून, गाड्यांच्या खाली हिरवे डोळे चमकतात. मग तिथंच खाली बसायचं, वाटी ठेवायची, गप्प बसायचं, टॉवेल हाताशी. घाबरलेली मांजर आपल्यालाही चावते. चावली तर साबण अन् वाहतं पाणी पंधरा मिनिटं, मग आपला माणसांचा डॉक्टर, तुझी मांजर असली तरी.

अन् यादीतलं सगळ्यात मोठं. पिल्लू आलं की आठ दिवसांनी, जरा रुळलं की, त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून प्रत्येक दारी जा. वरच्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर, वॉचमन भाऊ, इस्त्रीवाले, कचरागाडीवाल्या ताई, बाजूच्या बिल्डिंगमधले. हे आमचं, ह्याचं नाव हे, बाहेर दिसलं तर ते हरवलेलं समजा, फोन करा. लोक हसतील, हसू दे.

पाटोडीच्या वेळी पाचव्या दिवशी आम्ही बाजूच्या बिल्डिंगमधल्या आजींना फोटो दाखवला. आजी म्हणाल्या, अगं बाई, ही पिवळी तर आमच्या टाकीखाली दोन रात्री बसून होती, मी पोळीचा तुकडा पण टाकला, मला वाटलं गल्लीतली आहे. आमच्या खिडकीतून ती टाकी दिसते. तिथं रात्री तीनपर्यंत बसली मी, पुढे महिनाभर बसली. आजींनी त्यांच्या मोबाईलमध्ये माझा नंबर पिवळीवाली म्हणून टाकून ठेवला आहे, अजूनही पिवळी मांजर दिसली की फोन करतात, अन् मी टॉर्च घेऊन उतरते.

बेसाला येऊन मी स्वतः जाळी बघून जाईन, शनिवारी येते. प्लायवूडचं माप घेऊन ठेव, कॅरिअर आमच्याकडे जास्तीचा एक आहे, तो आणते, त्याची कडी जरा ढिली आहे, तारेनं बांधून घेऊ. अन् तुमचा कुलर काढायला कोण येतो त्याचा नंबर मला दे, तो यायच्या आदल्या दिवशी मीच तुला फोन करीन.