लहानपणीचे स्वप्न व्हिडिओ गेममध्ये उतरवताना

लहानपणी पडलेल्या स्वप्नाचा गेम करायचा असेल, तर संगणक उघडण्यापूर्वी ते आठवेल तसे कागदावर लिहावे आणि त्यात आपण स्वतः काय करत होतो, तेवढ्याच ओळीखाली रेघ ओढावी, कारण खेळणाऱ्याला आपली आठवण दिसत नाही, त्याच्या हाती फक्त कृती येते. प्रसिद्ध जपानी गेम-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी जपानमधील सोनोबे परिसरातल्या गुहा लहानपणी धुंडाळल्या होत्या. १९८६ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या त्यांच्या गेममध्ये त्यातली अनोळखी जागेत शिरण्याची कृतीच उतरली आहे.

समजा, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रात्री जिवंत होऊन तुरीच्या शेतातून धुऱ्याधुऱ्याने चालू लागतो आणि आपण त्याच शेतात जागलीला बसलो आहोत, असे ते स्वप्न आहे. त्यातून एक नियम निघतो: बॅटरीचा उजेड पडला की रानडुकरे पळतात, पण नंदीही पुन्हा लाकूड होतो, बॅटरी विझवली तर नंदी चालतो, पण डुकरे पिकात शिरतात. पहाटेपूर्वी नंदीला आखरावर, म्हणजे गावची गुरे जमतात त्या जागेवर, पोहोचवायचे आणि तूरही राखायची. सगळा गेम या ओढाताणीत आहे. झुलीचा रंग कोणता, हा प्रश्न फार नंतरचा.

एकट्याने काम करणाऱ्यासाठी गोडो हे इंजिन, म्हणजे गेम बनवण्याचे सॉफ्टवेअर, मला सर्वांत सोयीचे वाटते. ते मोफत आहे, गेम विकला तरी त्याच्या निर्मात्यांना काही द्यावे लागत नाही आणि चित्र दाखवण्याच्या पद्धतींपैकी ‘कम्पॅटिबिलिटी’ हा पर्याय निवडल्यास जुन्या लॅपटॉपवरही काम भागते. जागल्या, नंदी आणि डुकरे यांच्यासाठी ‘कॅरेक्टरबॉडी२डी’ हा कोडने हलवता येणाऱ्या पात्रांसाठीचा गोडोतला तयार घटक घ्यावा. बॅटरीचा झोत म्हणून त्रिकोणी ‘एरिया२डी’ (आत काय शिरले ते ओळखणारा घटक) जागल्याला जोडावा आणि त्यात नंदी शिरताच त्याचा वेग शून्य करावा, डुक्कर शिरताच त्याची दिशा उलटवावी. रात्रीचा काळोख ‘कॅनव्हासमॉड्युलेट’ या सगळ्या दृश्याला एकच छटा देणाऱ्या घटकाने होतो. या टप्प्यावर सगळी पात्रे साध्या रंगीत चौकोनांचीच असावीत. मग शेजारच्या एखाद्या मुलाला काहीही न सांगता खेळायला बसवावे आणि आपण गप्प राहावे. त्याने दुसरा डाव मागितला नाही, तर चित्रे काढून उपयोग नाही. उजेडाची लांबी, डुकरांची संख्या आणि नंदीचा वेग बदलून पुन्हा पाहावे.

मराठी मजकुरासाठी गोडोची चौथी आवृत्तीच वापरावी, कारण जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय तिच्यात आली. नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट मोफत मिळतो. आवाज मात्र तयार संग्रहातून घेऊ नयेत. आपल्या शिवारातले रातकिडे मोबाइलवर टिपावेत, कारण परक्या देशातले किडे गावच्या माणसाला लगेच ओळखू येतात. वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्याने दर बदलानंतर जतन करावे आणि रोज एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी.

गेम प्रथम इच.आयओ (itch.io) या गेमच्या संकेतस्थळावर ठेवावा, तेथे शुल्क लागत नाही आणि तो ब्राउझरमध्येच खेळता येतो. प्ले स्टोअरवर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात आणि नव्या वैयक्तिक खात्याला किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. गावात बारा जण सहज मिळतात. दोन आठवडे त्यांच्या मोबाइलमधून गेम निघू न देणे अधिक कठीण आहे, त्यामुळे ही चाचणी कापूस वेचणीच्या घाईत ठेवू नये.