झायनच्या ‘नॅरोज’मध्ये नदीतून कसं चालावं

अमेरिकेतल्या युटा राज्यात, झायन नॅशनल पार्कमध्ये, व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्याने वालुकाश्म चिरत एक घळ केली आहे. तिला नॅरोज म्हणतात. भिंती कित्येक ठिकाणी हजार फुटांहून उंच, आणि तळ काही जागी जेमतेम २०-३० फूट रुंद. इथे नदीच्या काठाने वाट नाही, बहुतेक चाल पाण्यातूनच आहे. हा लेख खालून वर जाऊन त्याच दिवशी परत येणाऱ्यांसाठी आहे. त्याला परवाना लागत नाही. वरच्या टोकाच्या चेंबरलेन्स रँचहून १६ मैल उतरत येणं हा वेगळा, परवान्याचा मामला आहे.

निघण्याआधी दोन गोष्टी बघा

पहिली, विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय (क्युसेक). आपल्याकडे धरणाच्या बातम्यांत हजारो क्युसेक वाचायची सवय असते, त्यामुळे इथला ७० क्युसेकचा आकडा किरकोळ वाटतो. तसा तो नाही. धरणाखालचं पात्र शेकडो फूट पसरतं; इथे तेच पाणी दोन भिंतींमध्ये कोंडलेलं असतं. ५० क्युसेकच्या खाली चाल सोपी असते. ७०च्या आसपास पाणी गुडघ्यापासून मांडीपर्यंत येतं, काही डोहांत कमरेपर्यंत. १००च्या पुढे नवख्यांनी जाऊच नये. १५० ओलांडले की पार्क मार्ग बंद करतो, आणि वसंतात बर्फ वितळतं तेव्हा तो बरेचदा बंदच असतो. ‘गुडघाभर पाणी आहे, जा बिनधास्त’ असं सांगणारा खोलीबद्दल बोलतो, वेगाबद्दल नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे वेगवान गुडघाभर पाणी संथ कंबरभर पाण्यापेक्षा सहज पाडतं.

दुसरी, त्या दिवसाचा अचानक पुराचा अंदाज. तो चार पायऱ्यांत देतात: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. ‘संभाव्य’ किंवा ‘अपेक्षित’ असेल तर बेत रद्द करा, हॉटेलचं बुकिंग वाया गेलं तरी. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत या भागात वळवासारखा गडगडाटी पाऊस होतो. ‘शक्य’ असेल तेव्हा पहाटे निघून दुपारच्या ढगांआधी बाहेर पडा.

पाय आणि काठी

घोट्याच्या वरपर्यंत येणारे, पाणी निथळून जाणारे बूट आणि निओप्रीनचे (रबरासारख्या जाड, ऊबदार कापडाचे) मोजे घाला. स्प्रिंगडेल गावात दोन्ही भाड्याने मिळतात. सँडलमध्ये खडे जातात आणि बोटं ठेचकाळतात. वॉटरप्रूफ ट्रेकिंग बूट त्याहून वाईट, कारण आत आलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि प्रत्येक पाय जड होतो. निओप्रीन पाय कोरडे ठेवत नाही, आतलं पाणी कोमट ठेवतं. मोजा सैल असेल तर गार पाणी सतत आत-बाहेर होतं आणि उपयोग शून्य, म्हणून तो घट्टच घ्या. थंडीच्या महिन्यांत ड्राय पँटशिवाय (पाणी आत न शिरू देणाऱ्या विजारीशिवाय) उतरू नका. सुती कपडे नकोत, जीन्स तर अजिबात नको.

काठी जाड लाकडाची, खांद्याच्या उंचीची. ट्रेकिंग पोलचं बारीक टोक गोट्यांच्या फटीत अडकतं आणि भार टाकला की पोल वाकतो.

तीन लिटर पाणी बरोबर घ्या. नदीचं पिऊ नका आणि तोंडात जाऊ देऊ नका. २०२०मध्ये या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया (शेवाळासारखे वाढणारे जिवाणू) आढळले, आणि प्रवासी फिल्टरवर त्यांच्या विषासाठी विसंबता येत नाही. फोन आणि कोरडे कपडे ड्राय बॅगमध्ये ठेवा.

सुरुवात

पार्कच्या शटल बसने शेवटच्या थांब्यावर, टेंपल ऑफ सिनावावाला उतरा. स्वच्छतागृह इथेच, पुढे नाही. तिथून रिव्हरसाइड वॉक ही एक मैलाची फरसबंद वाट नदीत संपते. भारतातून आलेले आईबाबा बरोबर असतील आणि गुडघे कुरकुरत असतील तर त्यांनी इथेच थांबावं. ‘थोडंसं पुढे या, काही होत नाही’ असा आग्रह करू नका. पहिल्या वळणापासूनच गोटे सुरू होतात.

नदी ओलांडणं

खरं काम हेच आहे. घळ नागमोडी आहे. वळणाच्या आतल्या अंगाला वाळू-गोट्यांचा पट्टा असतो, बाहेरच्या अंगाला पाणी भिंतीला घासत खोल जातं. पुढच्या वळणावर बाजू बदलते, म्हणून तुमचा पट्टा संपला की पलीकडे जावं लागतं. हे दिवसभर चालू राहतं. एक ओलांडणं सोपं असतं. दमलेल्या पायांनी केलेलं कितवं तरी चुकतं. म्हणून पद्धत पहिल्यापासून पाळा.

पाण्यात शिरण्याआधी थांबा आणि उतार, म्हणजे ओलांडायला उथळ जागा, शोधा. दोन वळणांच्या मधोमध, जिथे पात्र पसरतं आणि पृष्ठभागावर बारीक, सारखी खळखळ असते, तिथे पाणी सर्वांत उथळ. लोक खळखळ ऐकून बिचकतात आणि संथ, गडद हिरवं पाणी निवडतात. ते चूक आहे, गडद म्हणजे खोल. मात्र पाण्यावर मोठे, पांढरे उंचवटे दिसले तर खाली मोठे धोंडे आहेत, तिथेही नको. मग निवडलेल्या जागेच्या खाली बघा. पडलात तर कुठे वाहत जाल? खाली अडकलेला ओंडका किंवा धोंड्यांची अरुंद वाट असेल तर दुसरा उतार शोधा.

आता तोंड प्रवाहाच्या उगमाकडे करा, पलीकडच्या काठाकडे नव्हे. काठी समोर, दोनेक फुटांवर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला रोवा आणि दोन्ही हातांनी तिच्यावर रेला. पाणी काठीला तळाशी दाबून धरतं. काठी खालच्या अंगाला टेकवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. तिथे पाणी तुम्हाला काठीवरून पलीकडे ढकलतं. दोन पाय आणि काठी असे तीन आधार झाले. एका वेळी एकच हलवायचा: काठी, मग पुढचा पाय, मग मागचा. खेकड्यासारखं आडवं सरका, पायांची कात्री होऊ देऊ नका, आणि ओलांडायची रेघ प्रवाहाच्या खालच्या दिशेला किंचित तिरकी ठेवा.

पाय उचलून टाकू नका, तळावरून सरकवा. उचललेल्या पायाला प्रवाह ओढतो आणि तो भलत्याच जागी पडतो. गोट्याच्या माथ्यावर शेवाळ असतं, तिथे भार देऊ नका. गोट्यांमधल्या वाळूवर पाय ठेवा, पण फटीत कोंबू नका. भार देण्याआधी बुटाने चाचपा. पाणी गढूळ असेल तर तळ दिसत नाही, अशा वेळी काठीने आधी ठोकून खोली बघा. नजर पायाजवळच्या वाहत्या पाण्यावर खिळवलीत तर भोवळ येते. मान वर करून अधूनमधून स्थिर भिंतीकडे बघा.

पाणी मांडीपर्यंत असेल तर पाठीवरच्या पिशवीचा छातीवरचा आणि कमरेचा पट्टा आधीच सोडवून ठेवा, म्हणजे पडलात तर ती झटकन काढता येते.

हात धरून साखळी करायची आपली सवय इथे मोडा. एकजण घसरला की शेजारच्या दोघांचे हात अडकलेले असतात आणि सगळे पडतात. त्याऐवजी सर्वांत दणकट माणसाला काठीसह वरच्या अंगाला उभं करा. बाकीच्यांनी त्याच्या मागे, एकामागे एक, पुढच्याच्या पिशवीला धरून राहायचं. त्याच्या अंगाने पाणी फुटतं आणि मागच्यांना जोर कमी लागतो. सगळ्यांनी एकाच इशाऱ्यावर एक पाऊल टाकायचं.

पडलात तर लगेच उभं राहायची धडपड करू नका. वेगवान पाण्यात उभं राहताना पाय दोन धोंड्यांत अडकला की पाणी अंगावरून दाबतं आणि गुडघाभर पाण्यातही माणूस बुडू शकतो. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागाजवळ ठेवा, हातांनी काठाकडे वल्हवा. पाठ तळाला टेकली की मगच उठा.

कुठपर्यंत जायचं

नदीत उतरल्यापासून दीड-दोन मैलांवर उजवीकडून ऑर्डरव्हिल कॅनियन येऊन मिळते. तिथून पुढचा भाग म्हणजे वॉल स्ट्रीट, घळीचा सर्वांत अरुंद आणि देखणा टप्पा. अर्धा मैल तरी त्यात जा. त्याच्याही वर असलेल्या बिग स्प्रिंग या झऱ्यापुढे विनापरवाना जाता येत नाही, आणि तिथवर जाऊन-येऊन जवळजवळ १० मैल होतात, म्हणजे पूर्ण दिवस. परतायची जागा ठरवू नका, वेळ ठरवा.

वॉल स्ट्रीटमध्ये शिरताना एवढं लक्षात ठेवा की तिथे पुरात चढून जायला उंच जागा नाही. डोक्यावर आकाशाची एक पट्टी दिसते. ती निळी असली तरी मैलोन्मैल वर पाऊस कोसळत असू शकतो, आणि उघड्या खडकात पाणी मुरत नसल्याने ते सगळं थेट घळीत येतं. सह्याद्रीत पाऊस अंगावर पडतो म्हणून ओढा वाढणार हे कळतं, इथे तशी सूचना मिळेलच असं नाही. १४ सप्टेंबर २०१५ला याच पार्कमधल्या कीहोल कॅनियनमध्ये सातजण पुरात गेले.

पाणी अचानक गढुळलं, काड्या-पाला वाहत येऊ लागला, वरून वाढता घोंगावणारा आवाज आला, यांपैकी एक जरी झालं तरी जवळच्या उंच जागी ताबडतोब चढा. काही फूटही जीव वाचवतात. फोटो काढू नका, पिशवी आणायला मागे जाऊ नका, पुराशी शर्यत लावून खाली पळू नका. पाणी ओसरून पुन्हा स्वच्छ होईपर्यंत तिथेच बसा, रात्र झाली तरी.

परतताना

प्रवाहाबरोबर चालणं सोपं वाटतं आणि माणूस भराभर पावलं टाकतो. घसरणं बहुधा इथेच होतं. ओलांडताना तोंड पुन्हा वर, काठी पुन्हा वरच्या अंगाला. शेवटच्या शटलची वेळ सकाळीच बघून ठेवा, मोसमाप्रमाणे ती बदलते. चुकली तर ओल्या बुटांनी सात-आठ मैल रस्ता तुडवावा लागतो.