वीस हजार फ्रेमवर बॉक्स मारत बसायचं नसेल तर

रस्त्यावरच्या कॅमेऱ्याचं फुटेज घेऊन गाड्या मोजायचं काम अंगावर घेतलं की पहिले दोन दिवस मजेत जातात, मग प्रश्न येतो की प्रत्येक गाडीभोवती बॉक्स मारणार कोण. साधा हिशोब करा. चौकातल्या एका फ्रेममध्ये ३० गाड्या आहेत, हात बसलेला माणूस एका बॉक्सला १० सेकंद घेतो असं धरलं तरी एका फ्रेमला ५ मिनिटं झाली, २० हजार फ्रेमचे १६०० च्या वर तास, म्हणजे एक माणूस रोज ८ तास नुसते चौकोन काढत बसला तरी २०० दिवस. आणि १० सेकंद हे मी दिलदारपणे धरलेत, इमेजनेट या मोठ्या फोटो-डेटासेटच्या वेळी बॉक्स काढणं, तपासणं, काही सुटलं का बघणं सगळं मिळून एका बॉक्समागे साधारण ४२ सेकंद जायचे. यावरचा उपाय म्हणजे अ‍ॅक्टिव्ह लर्निंग.

अ‍ॅक्टिव्ह लर्निंग म्हणजे थोडे फोटो लेबल करायचे (बॉक्स मारून कोणती गाडी ते लिहायचं), त्यावर गाड्या ओळखणारं मॉडेल शिकवायचं, मग त्यालाच विचारायचं की बाबा तू कुठे अडतोयस, आणि तेवढेच फोटो पुढच्या राउंडला लेबल करायचे. पण डिटेक्शनमध्ये (फोटोत कोणती वस्तू कुठे आहे ते शोधण्यात) यात एक मोठी खोट आहे. मॉडेलला जी गाडी दिसलीच नाही तिच्याबद्दल ते अडणारच नाही ना! अडायला आधी काहीतरी दिसावं लागतं. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण बहुतेक लोक इथेच गंडतात (मी पण गंडलोय, पुढे येतंच).

सुरुवात मॉडेलपासून करू नका, फ्रेम छाटण्यापासून करा. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत सिग्नलला थांबलेली तीच एसटी तुम्हाला हजार वेळा भेटते. काही सेकंदांना एक फ्रेम घ्या, मग डायनो व्ही२ सारख्या तयार मॉडेलने प्रत्येक फ्रेमचं एम्बेडिंग (फोटो कसा दिसतो ते सांगणारी आकड्यांची यादी) काढा आणि फार सारख्या दिसणाऱ्या फ्रेम उडवा. किती सारख्या म्हणजे फार सारख्या याचा आकडा मी देत नाही, पन्नासेक जोड्या स्वतः डोळ्यांनी बघा आणि ठरवा. पुष्कळ वेळा अर्धं काम इथेच वाचतं आणि अजून अ‍ॅक्टिव्ह लर्निंग सुरू पण झालेलं नसतं. मूळ व्हिडिओ मात्र डिलीट करू नका, पुढे लागणार आहे.

मग टेस्ट सेट, म्हणजे मॉडेलची परीक्षा घ्यायचे फोटो. ३००-४०० फ्रेम रँडम उचला, पूर्ण नीट लेबल करा आणि कुलूप लावून ठेवा, यात मॉडेलने निवडलेली एकही फ्रेम जाता कामा नये. अवघड अवघड फोटोंचीच परीक्षा घेतली तर खरी परिस्थिती कळणार कशी? आणि ट्रेन (शिकवायचे फोटो) आणि टेस्ट वेगळं करताना फ्रेमप्रमाणे नको, दिवसाप्रमाणे किंवा कॅमेऱ्याप्रमाणे वेगळं करा, नाहीतर सकाळी १०:०५ ची फ्रेम ट्रेनमध्ये आणि १०:०६ ची टेस्टमध्ये, मार्क भरपूर पडतात पण ती कॉपी झाली.

पहिल्या बॅचला साधारण २०० फ्रेम, सगळे कॅमेरे आणि सकाळ, दुपार, रात्र, पाऊस असं सगळं येईल अशा घ्या. कोको या तयार डेटासेटवर शिकलेलं योलो (वस्तू शोधणारं तयार मॉडेल) घेऊन सुरू करा, पण कोकोच्या ८० क्लासमध्ये, म्हणजे वस्तूंच्या प्रकारांमध्ये, कार, बस, ट्रक, मोटरसायकल आहे, रिक्षा नाही. त्यामुळे सुरुवातीला तुमची रिक्षा कधी कार होईल कधी ट्रक. हैदराबादच्या ट्रिपल आयटीच्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये ऑटोरिक्षा हा क्लास आहे, आधी त्यावर शिकवून घेतलं तर बरं पडतं, फक्त ते फोटो गाडीतून काढलेले आहेत आणि तुमचा कॅमेरा खांबावर, तेव्हा अँगल बदलला की थोडी गडबड होणारच.

आता स्कोअर. मॉडेल उरलेल्या फ्रेमवर चालवायचं आणि प्रत्येक फ्रेमला किती गोंधळलंय याचा एक आकडा द्यायचा. अल्ट्रालिटिक्स कंपनीच्या योलोमध्ये प्रेडिक्ट करताना कॉन्फिडन्सची (मॉडेलला बॉक्सची किती खात्री आहे त्याची) डिफॉल्ट मर्यादा ०.२५ असते, ती तशीच ठेवली तर ज्या बॉक्सबद्दल मॉडेल खरोखर चाचपडतंय तेच आधी फेकले जातात आणि तुम्ही उरलेल्या हुशार बॉक्समध्ये गोंधळ शोधत बसता. ती ०.०५ च्या आसपास आणा. दुसरं म्हणजे योलो व्ही३ पासून प्रत्येक क्लासचा स्कोअर स्वतंत्र सिग्मॉइडने (आकडा ० ते १ मध्ये आणणाऱ्या सूत्राने) येतो, सगळ्यांची बेरीज १ होत नाही, त्यामुळे सॉफ्टमॅक्सवाली एन्ट्रॉपी (बेरीज १ धरून गोंधळ मोजायचं सूत्र) डोळे झाकून लावू नका, ०.५ च्या जवळ असलेला बॉक्स सगळ्यात गोंधळलेला एवढं साधं धरलं तरी चालतं.

एका फ्रेममध्ये ३० बॉक्स, मग फ्रेमचा एकच आकडा कसा काढायचा? बेरीज, सरासरी किंवा सगळ्यात मोठा, हे तीन नेहमीचे मार्ग. मी पहिल्यांदा बेरीज घेतली आणि वरच्या २०० फ्रेम काढल्या तर जवळपास सगळ्या एकाच चौकातल्या, संध्याकाळच्या ट्रॅफिक जॅमच्या, प्रत्येकीत चाळीस-पन्नास गाड्या. म्हणजे सगळ्यात महाग फोटो आणि शिकायला मिळालं तेच तेच! सगळ्यात मोठा घेतला तर लेन्सवरचा एक पाण्याचा थेंब पण फ्रेमला वर आणतो, आणि सरासरीत एकुलती एक बैलगाडी पंचवीस बाइकच्या गर्दीत बुडते. मी हल्ली सगळ्यात गोंधळलेल्या ५ बॉक्सची सरासरी घेतो. याला शास्त्र वगैरे काही नाही, पण जमतं. आणि हिशोब कायम फ्रेममध्ये नाही, बॉक्समध्ये ठेवा, कारण पैसे आणि वेळ बॉक्सला जातात.

आता ती न दिसणारी गाडी. मघाशी व्हिडिओ ठेवायला सांगितला तो यासाठी. छाटणीनंतर राहिलेल्या फ्रेमच्या मागची-पुढची सेकंदभराची फ्रेम चालवून बघा, एखादा टेम्पो आधी दिसतोय, नंतर दिसतोय आणि मध्येच गायब, तर तो काय हवेत विरघळला नाही, मॉडेलने सोडलाय. अशा लुकलुकणाऱ्या फ्रेम म्हणजे खजिना आहे, कॉन्फिडन्सच्या आकड्यात त्या सहसा वर येत नाहीत. फोटो आडवा पलटून परत चालवणं हा दुसरा उपाय, दोन्ही वेळचे बॉक्स एकमेकांवर नीट बसत नसतील तर तिथे काहीतरी लोचा आहे.

आणि वरच्या २०० सरळ उचलू नका हे तर आता कळलंच असेल. वरच्या १००० घ्या, एम्बेडिंगवर के-मीन्स (सारख्यांचे गट पाडायची पद्धत) लावून २०० गट करा, प्रत्येक गटातली सगळ्यात जास्त स्कोअरची एक फ्रेम उचला. शिवाय बॅचच्या १० ते २० टक्के फ्रेम निव्वळ रँडम घाला. पोरांना हे पटत नाही, एवढं डोकं लावून परत रँडम कशाला म्हणतात, पण मॉडेलला ज्याचा पत्ताच नाही ते सापडायला दुसरा रस्ता नाही.

लेबलिंगला सीव्हॅट किंवा लेबल स्टुडिओ काहीही वापरा, मॉडेलचे बॉक्स आधीच टाकून ठेवले तर वेग वाढतो. पण बॉक्स तयार दिसले की माणूस ते जरा हलवतो आणि नेक्स्ट दाबतो, सुटलेली गाडी सुटलेलीच राहते. डिटेक्शनमध्ये हे फार महागात पडतं, कारण ज्याला बॉक्स नाही ते सगळं मॉडेल बॅकग्राउंड समजतं, म्हणजे पुढच्या राउंडला त्याने ती गाडी बरोबर ओळखली तरी तुम्ही त्याला छडी मारणार. म्हणून फ्रेम निवडली की ती पूर्ण लेबल करायची, फक्त गोंधळलेले बॉक्स दुरुस्त करून सोडायचं नाही.

बॅच लेबलिंगला देण्याआधी तीसेक फ्रेम स्वतः चाळा. बऱ्याचदा गोंधळ मॉडेलचा नसतो, आपला असतो. छोटा हत्ती टेम्पोत टाकायचा की ट्रकमध्ये? सहा सीटर ही रिक्षा का? ट्रॅक्टर आणि मागच्या दोन ट्रॉल्या मिळून एक बॉक्स की तीन? बाइकवर तिघं बसलेत तर माणसांचे वेगळे बॉक्स मारायचे का? हे एका कागदावर फोटोसकट लिहून ठेवलं नाही तर दोन माणसं दोन तऱ्हेने लेबल करतात, मॉडेल तिथे कायम ०.५ वर लटकतं आणि अ‍ॅक्टिव्ह लर्निंग इमानदारीत तेच फोटो परत परत समोर आणत राहतं.

प्रत्येक राउंडला मागच्या राउंडचं मॉडेल पुढे ओढू नका, मूळ प्रीट्रेन्ड वेट्सपासून (म्हणजे सुरुवातीला घेतलेल्या तयार मॉडेलपासून) सगळा डेटा घेऊन परत शिकवा. वेळ जास्त जातो पण जुन्या फोटोंकडे झुकलेलं मॉडेल हातात येत नाही. एमएपी (मॉडेलचे बॉक्स किती बरोबर आले त्याचा आकडा) क्लासप्रमाणे वेगळा बघा, एकूण आकडा कार आणि बाइकच वर खेचून नेतात. निदान पहिले दोन राउंड तेवढ्याच बॉक्सच्या रँडम फ्रेमवर पण एक मॉडेल शिकवून शेजारी ठेवा, तुमची निवड त्याला हरवत नसेल तर एवढा खटाटोप बंद करा आणि रँडमच लेबल करा, त्यात लाज कसली. मुळात फोटोच सात-आठशे असतील तर हे काही करू नका, चहा घ्या आणि दोघांनी बसून आठवडाभरात संपवा.

ज्या क्लाससाठी काम चाललंय त्याचा आकडा सलग दोन राउंड हलला नाही की थांबा. मात्र स्कोअर काढायची स्क्रिप्ट जपून ठेवा, कारण उन्हाळ्यातल्या फुटेजवर शिकलेल्या मॉडेलने उसाने भरलेली ट्रॉली बघितलेलीच नसते, दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले आणि वाढ्यांनी झाकलेल्या बैलगाड्या रस्त्यावर आल्या की त्या आठवड्याचं नवं फुटेज घ्यायचं आणि १०० फ्रेमची एक छोटी बॅच परत काढायची, यावेळी रँडमचा वाटा निम्मा.