अटलांटिसच्या जागेविषयीचे जुने सिद्धान्त कसे तपासावेत

अटलांटिस हे समुद्रात बुडालेले दंतकथेतील बेट नेमके कुठे होते, याविषयीचे जुने सिद्धान्त वाचायला घेण्यापूर्वी वहीच्या डाव्या रकान्यात प्लेटोच्या अटी उतरवून घ्याव्यात, कारण इ.स.पू. 360च्या सुमारास त्याने लिहिलेल्या दोन संवादांपलीकडे या कथेला स्वतंत्र जुना आधार नाही. बेट हरक्युलिसच्या खांबांपलीकडे, म्हणजे रूढ अर्थाने जिब्राल्टरच्या बाहेर होते, लिबिया (ग्रीकांच्या भाषेत उत्तर आफ्रिका) आणि आशिया मिळून होणाऱ्या प्रदेशाहून मोठे होते, अथेन्सचा कायदेकर्ता सोलोन याच्या 9000 वर्षे आधीचे होते आणि एका दिवसरात्रीत बुडाले. उजव्या रकान्यात प्रत्येक विद्वानाने कोणती अट वाकवली ते लिहावे.

जेझुइट विद्वान किर्शरचा अटलांटिस दाखवणारा 1665चा नकाशा छापून घेतल्यास तो आधी उलटा फिरवावा. त्यात दक्षिण वर आहे. नागपुरातील आमच्या अभ्यासवर्गात अमेरिका उजवीकडे पाहून मुले हमखास गोंधळतात, आणि उत्तरेचा बाण खाली वळलेला दिसला की सारे उलगडते.

स्वीडिश विद्वान रुडबेकला मात्र सावकाश वाचावे. 1679पासून त्याने अटलांटिस म्हणजे आपले स्वीडन, असे चार खंडांत मांडले. हा लसिकावाहिन्यांवर मूलभूत संशोधन केलेला वैद्य होता, आणि थडग्यांच्या टेकाडांचे वय ठरवण्यासाठी तो वरच्या मातीच्या थराची जाडी मोजत असे. पद्धत इतकी चोख असूनही देशप्रेमापोटी निष्कर्ष भरकटला, हे मला फार शिकवणारे वाटते. स्वीडन तर बुडालेलेच नाही.

1900मध्ये भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर क्नोसॉस या प्राचीन राजवाड्याचे उत्खनन सुरू झाल्यावर, 1909मध्ये फ्रॉस्ट या अभ्यासकाने अटलांटिस म्हणून क्रीटकडे बोट दाखवले. तिथे स्थळ, काळ आणि आकार, तिन्ही अटी वाकतात.

अमेरिकन लेखक डॉनेलीने 1882मध्ये बेट अटलांटिक महासागरातच ठेवले, म्हणून त्याची कसोटी भूशास्त्राने घ्यावी. ती समजायला नागपूरकरांना दूर जावे लागत नाही. कामठीच्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात, तसेच ते दक्षिण आफ्रिकेतही मिळतात. त्यामुळे मधला भूभाग समुद्रात बुडाला असावा, असे मानणे त्या काळी तर्काला धरूनच होते. पुढे कळले की भूखंड बुडाले नाहीत, एकमेकांपासून दूर सरकले. अटलांटिकच्या मध्यावरची पर्वतरांगही बुडालेली जमीन नसून तिथे लाव्हारसापासून नवा सागरतळ तयार होत आहे, ही नोंद डॉनेलीच्या नावापुढे करावी.