थरारपटातील अंधाराची प्रकाशयोजना
विद्यार्थ्यांच्या थरारपटात अंधार दाखवण्यासाठी बहुधा दिवेच कमी केले जातात आणि चित्र दाणेदार, मळकट होते; वास्तविक अंधार जाणवतो तो उजेडाच्या शेजारी. म्हणून मुख्य दिवा कॅमेऱ्याजवळून हलवून पात्राच्या बाजूला, किंचित मागे ठेवावा आणि विरुद्ध बाजूस काळे कापड धरावे, म्हणजे भिंतीवरून परतणारा उजेड अडून अर्धा चेहरा सावलीत जातो. टेबलावरचा दिवा फ्रेममध्ये दिसल्यास त्या उजेडाला कारणही मिळते. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवावे. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणे) आणि एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते) स्वयंचलित नसावेत. कॅमेरा सतत हातात धरण्याचा मोह मात्र आवरावा, कारण स्थिर फ्रेममध्ये दार हळूहळू उघडू लागले की प्रेक्षक आपोआप श्वास रोखतो. हलता कॅमेरा पाठलागासाठी राखून ठेवावा.