नोकरी नको, आधी वीस मिनिटं मागा

अर्जावर अर्ज जातात, उत्तर येत नाही. शिवाय त्या कामात रोज नेमकं काय करावं लागतं, हे जाहिरातीवरून कळत नाही ते वेगळंच. अशा वेळी ते काम करणाऱ्या माणसाशी केवळ माहितीसाठी बोलून घ्या.

१. थेट मोठ्या साहेबांना गाठू नका. हव्या त्या पदावर दोन-चार वर्षं काढलेली व्यक्ती जास्त उपयोगी. भरतीच्या वेळचं तिला अजून आठवत असतं. माजी विद्यार्थी, लिंक्डइन, ओळखीतून ओळख, कुठूनही शोधा.

२. निरोप तीन-चार ओळींचा: "मी या क्षेत्राकडे वळायचा विचार करतोय. तुमच्या कामाबद्दल २० मिनिटं फोनवर बोलता येईल का? वेळ तुमच्या सोयीने." उत्तर नाही आलं, तर आठवड्याने एकदाच आठवण करा.

३. कंपनीच्या संकेतस्थळावर सापडेल ते विचारू नका. त्याऐवजी हे विचारा: मागच्या आठवड्यात तुमचा जास्त वेळ कशात गेला? नवा माणूस कुठे अडतो? अर्जात काय दिसलं की तो पुढे जातो? आणि शेवटी, "आणखी कोणाशी बोलू?" मला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पुढच्या माणसाकडे तुम्ही कोणाच्या तरी ओळखीने जाता.

४. वेळ संपली की स्वतःहून थांबा. आभार त्याच दिवशी कळवा.

मात्र या बोलण्यात नोकरी मागू नका, बायोडेटाही पुढे करू नका. त्यांनीच मागितला, तर लगेच पाठवता येईल असा तयार ठेवा.